भोपळ्याविरुद्ध

३ तारीख, सोमवार

इथल्या तक्रारवहीत एका तक्रारीला तीन ओळी आखून दिल्या आहेत. माझा राग तीन ओळींत मावत नाही, म्हणून व्यायामवाल्याकडून ही कोरी वही मागून घेतली. तो मला चालायला शिकवतो. एकाहत्तराव्या वर्षी.

खुब्याचं हाड मोडून आज एकोणतीस दिवस झाले. पहिले सतरा दिवस इस्पितळात, त्यानंतरचे बारा या शुश्रूषागृहात. खोलीत दोन खाटा, मध्ये एक कपाट, एक पंखा. पंखा चालतो कमी आणि कुरकुरतो जास्त. 'आई, चालता येईपर्यंतच' असं म्हणून चिरंजीव मला इथे ठेवून गेले.

जेवणाची गाडी बारा वाजून दहा मिनिटांनी आली. लिहिलेली वेळ बारा. बस डेपोत एकतीस वर्षं मी गाड्यांच्या वेळा नोंदवल्या. दहा मिनिटं उशीर झाला की ड्रायव्हर माझ्या खिडकीसमोरून मान खाली घालून जायचे. इथे कोणी मान खाली घालत नाही. झाकण उघडलं तर पुन्हा लाल भोपळा. उकडून, घोटून, लगदा केलेला. आठवड्यात तिसऱ्यांदा. मी ताट सरकवलं. सिस्टरने खाटेच्या पायाशी लटकवलेल्या तक्त्यावर 'काही नाही' या रकान्यात खूण केली आणि म्हणाली की असंच चाललं तर अंगात ताकद कशी येणार आणि घरी कसं सोडणार.

म्हणजे माझं घर आता भोपळ्याच्या पलीकडे आहे.

५ तारीख, बुधवार

शेजारच्या खाटेवर, खिडकीजवळ, चौऱ्याऐंशी वर्षांच्या मावशी आहेत. पायाला प्लॅस्टर, तोंडाला विश्रांती नाही. त्या भोपळा डोळे मिटून खातात. लहानपणी त्यांच्या वडिलांनी एकदा इतका मोठा भोपळा आणला होता की तीन भावंडं त्यावर घोड्यासारखी बसली. मग आईने तो कापला तेव्हा सगळी रडली, आणि रडत रडत महिनाभर खाल्ला. मावशी म्हणतात, तेव्हापासून भोपळा म्हटलं की घरात सगळे आहेत असं वाटतं.

छान आहे. मला त्याचा नुसता वास आला तरी घसा बंद होतो. कारण विचारू नये. एखाद्याला निळा रंग आवडत नाही, तसं.

६ तारीख, गुरुवार

आज स्वयंपाकीणबाई स्वतः आल्या. पन्नाशीच्या, हातावर भाजल्याचे जुने डाग, डोक्याला रुमाल. माझं न खाल्लेलं ताट हातात धरून विचारलं, "बाई, भोपळा का नाही खात?"

मी म्हटलं, आवडत नाही.

तर म्हणे, नावडीला काहीतरी कारण असतं आणि ते कळलं की त्यांना वेगळं काही करता येतं. नऊ नंबरच्या बाई दही खात नाहीत, कारण लहानपणी आजारात त्यांना त्यातून कडू औषध देत. त्यांना ताक चालतं, दही म्हणायचं नाही एवढंच. कोपऱ्यातल्या खोलीतल्या गृहस्थांना अंड्याचा वास चालत नाही, पण अंडं दिसलं नाही तर वासही येत नाही. असं सगळ्यांचं सांगत बसल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही कोण माझ्या पोटात शिरणारी? मी सांगितलं, "तुम्ही स्वयंपाक करा. चौकशी करायला मी तुम्हाला बोलावलेलं नाही." त्या ताट घेऊन गेल्या. चांगलं सुनावलं. डेपोत माझ्याशी असं कोणी बोललं नसतं.

सिस्टरही आजकाल फार बोलते. दुपारी सूप पिताना हसून म्हणाली, "आजी, प्रत्येक घासाला चमच्याचं बूड वाटीच्या काठाला का पुसता? कुणाला भरवताय का?" मी वाटी सरकवली. आणि मी कोणाची आजी नाही.

९ तारीख, रविवार

चिरंजीव आले. चार वाजून पाच मिनिटांनी आले, पाच वाजायला वीस मिनिटं असताना गेले. बरोबर बिस्किटांचा डबा. सूनबाईंना काम होतं. पस्तीस मिनिटांत अकरा वेळा फोन पाहिला.

मी त्याला भोपळ्याबद्दल सगळं सांगितलं: किती वेळा देतात, कसा देतात, त्या बाईचा आगाऊपणा. तो म्हणाला, "आई, भोपळाच आहे ना." मग म्हणाला, डॉक्टर म्हणतात अजून थोडे दिवस लागतील. किती, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण माझं भोपळ्याचं बोलणं संपलं नव्हतं.

तो गेल्यावर इतकी चिडले की बिस्किटं तशीच मावशींना देऊन टाकली. रिकामा डबा ठेवून घेतला.

१० तारीख, सोमवार

डब्याचा उपयोग सापडला. सिस्टर पलीकडच्या खोलीत गेली की भोपळा डब्यात, डबा कपाटात. तक्त्यावर 'पूर्ण' खूण झाली. सिस्टरने पाठ थोपटली. संध्याकाळी व्यायामाला जाताना वॉकरच्या पिशवीतून डबा नेऊन कचऱ्यात रिकामा केला. वॉकरने सव्वीस पावलं चालले.

या वयात शाळेतल्या मुलीसारखं अन्न लपवावं लागतं. हे ज्यांनी माझ्यावर आणलं त्यांना माफी नाही.

११ तारीख, मंगळवार

तक्रारवहीत लिहिलं: 'भोपळा शिळा असतो. आंबूस वास येतो. स्वयंपाकघराची तपासणी व्हावी.' बरोबर तीन ओळी भरल्या.

या वहीत खोटं लिहिणार नाही, म्हणून सांगते, आंबूस वास येत नव्हता. ताजा होता. पण 'आवडत नाही' लिहिलं की कोणी वाचत नाही, 'शिळा' लिहिलं की वाचतात. चार वेळा 'आवडत नाही' लिहून बघितलंच आहे.

१२ तारीख, बुधवार

प्रचंड उकाडा. पंखा सकाळपासून बंद. दुपारी पुन्हा भोपळा, पुन्हा डब्यात. मावशींनी रिकामं ताट बघून आश्चर्य व्यक्त केलं, तेव्हा मला राहवलं नाही. कपाट उघडून डबा दाखवला. त्या हसल्या. मग म्हणाल्या की एवढं चांगलं अन्न टाकायचं जिवावर येतं. मी म्हटलं, तुमच्या येत असेल, माझ्या नाही.

व्यायामवाला आज आलाच नाही, त्यामुळे डबा टाकायचा राहिला.

१३ तारीख, गुरुवार

दुपारच्या झोपेनंतर कपाट उघडलं तर डबा रिकामा, धुऊन पालथा घातलेला. सफाईवालीने केलं असणार. तिने सिस्टरला सांगितलं नाही म्हणजे मिळवलं. एकतीस पावलं झाली.

१४ तारीख, शुक्रवार

सकाळच्या चहाच्या वेळी मावशींना उलट्या सुरू झाल्या. थांबेचनात. डोळे खोल गेले, हाक मारली तरी ओ देईनात. नऊ वाजून वीस मिनिटांनी रुग्णवाहिका आली. डॉक्टर म्हणाले, खाण्यातून काहीतरी गेलं आहे.

दहा वाजता व्यवस्थापक खोलीत आले, काखेत तक्रारवही. माझी अकरा तारखेची तक्रार त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. 'आंबूस वास येतो.' वाचून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी तर तीन दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. त्यांनी वेगळ्या कागदावर माझा जबाब लिहून घेतला, मी सही केली. तेवीस दिवस त्यांच्या कार्यालयात माझं कोणी ऐकत नव्हतं. आज साहेब माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसले.

स्वयंपाकीणबाई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की तोच भोपळा चाळीस जणांनी खाल्ला, त्यांनी स्वतःही. साहेबांनी त्यांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, घडी घातली आणि गेल्या. जाताना माझ्याकडे बघितलं. मी नजर हटवली नाही.

चाळीस जणांना काही झालं नाही म्हणे. पोटं दगडाची असतील.

१५ तारीख, शनिवार

जेवण बाहेरून आलं. पांढरा भात, पांढरं सूप, पांढरा पाव. बारा वाजता म्हणजे बारा वाजता. भोपळा नाही.

वॉकर घेऊन बाहेर पडले, तर नऊ नंबरच्या बाईंसमोर दह्याची वाटी आदळली. त्या रडल्या. कोपऱ्यातल्या गृहस्थांच्या ताटात अख्खं उकडलेलं अंडं, त्यांनी पाठ फिरवली. वाढणाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, सगळ्यांना सारखंच आहे. सगळ्यांना सारखंच म्हणजे कोणालाच नाही. हेही लिहायला हवं तक्रारवहीत, पण आज हात उचलला नाही. खिडकीजवळची खाट रिकामी आहे.

१७ तारीख, सोमवार

मावशी परत आल्या. अर्ध्या झाल्यात. पण जीभ शाबूत आहे.

मी त्यांना आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं, की माझ्या तक्रारीमुळे त्या बाईला घरी बसवलं, आता असं होणार नाही. मग हळूच म्हणाल्या, "अगं, मी स्वयंपाकघरातलं नाही खाल्लं. तुझ्या डब्यातलं खाल्लं. टाकवेना मला. डबा तेवढा सफाईवालीकडून धुऊन घेतला."

मी त्यांच्यावर ओरडले. कोणी सांगितलं होतं खायला, चोवीस तास उन्हाळ्यात बंद डब्यात राहिलेलं, वास नाही का आला, वय काय तुमचं. त्या म्हणाल्या, वास येणं बंद होऊन दहा वर्षं झाली, गोडी तेवढी कळते.

पुढे लिहवत नाही.

१८ तारीख, मंगळवार

आज व्यायामाला गेले नाही.

मावशींनी इस्पितळात कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, तुला रागावले असते. मला त्यांचा इतका राग आला. कोणी मागितली होती ही दया? त्यांनी तिथेच सांगितलं असतं तर मला काही ठरवावं लागलं नसतं.

खरं काय ते लिहिते. सांगितलं तर तक्त्यावरच्या सगळ्या 'पूर्ण' खुणा खोट्या ठरतील आणि घरी जाणं लांबेल. सांगितलं नाही तर ती बाई कायमची जाईल. मला ती आवडत नाही. पण ती खोटं बोलली नाही, मी बोलले. डेपोत एका ड्रायव्हरने माझ्या नोंदवहीत वेळ खोडून लिहिली होती, तेव्हा मी त्याला महिनाभर कामावर येऊ दिलं नव्हतं.

१९ तारीख, बुधवार

व्यवस्थापकांच्या कार्यालयापर्यंत चौपन्न पावलं आहेत. एकटी गेले.

सगळं सांगितलं. डबा, उकाडा, आंबूस नसलेला वास. त्यांनी हसून ऐकून घेतलं. म्हणाले, "आजी, तुमचं मन मोठं आहे. त्या बाईला वाचवायला तुम्ही स्वतःवर घेताय." मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, आजारपणात असा गोंधळ होतो, तुम्ही पडून राहा.

तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं लिहिलं तेव्हा या माणसाने स्टूल ओढलं, आणि खरं बोलते तर मला चळ लागलाय. मी म्हटलं, मी काही इथे कायमची राहणारी नाही, पण जाण्याआधी हे निस्तरून जाईन. तेव्हा त्यांनी मला शांत करायला म्हणून कागद काढून दाखवला. "घाई कसली? तुमच्या मुलानेच तीन महिने वाढवून घेतलेत की. सात तारखेलाच अर्ज दिला."

सात तारीख म्हणजे तो बिस्किटं घेऊन आला त्याच्या दोन दिवस आधी. डॉक्टर म्हणतात, म्हणे.

खुर्चीत किती वेळ बसले ते माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी घड्याळ बघितलं नाही.

मग तक्रारवही मागितली. त्यांच्या समोर लिहिलं: 'खाट क्रमांक सहाची तक्रार खोटी आहे. अन्न तिने लपवून शिळं केलं. स्वयंपाकीण निर्दोष.' खाली सही, तारीख, वेळ. साहेब म्हणाले, असं स्वतःविरुद्ध लिहिता येत नाही. मी म्हटलं, तसा नियम दाखवा.

तेवढ्यात चाकाच्या खुर्चीत बसून मावशी आल्या, मागे सिस्टर. मांडीवर तो डबा. मावशींनी दारातूनच सांगायला सुरुवात केली आणि त्या एकदा बोलायला लागल्या की साहेबच काय, कोणीही शेवटी मानच डोलावतं. सिस्टरने माझ्याकडे बघितलं नाही. खोलीत परतल्यावर माझ्या खाटेशी येऊन तिने तक्त्यावरच्या 'पूर्ण' खुणा एकेक करून खोडल्या.

२१ तारीख, शुक्रवार

स्वयंपाकीणबाई परत आल्या. जेवणाची गाडी बारा वाजून दहा मिनिटांनी. माझ्या खाटेशी सर्वांत शेवटी थांबल्या.

मी माफी मागितली. मला ते जमत नाही. त्या 'असू दे' म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सात दिवस घरी होते. माझ्या मुलीने मला विचारलं, आई, तू लोकांना काय खाऊ घातलंस? बाई, ते मी विसरणार नाही." मी म्हटलं, विसरू नका.

त्या जायला वळल्या, मग परत फिरल्या आणि तोच प्रश्न विचारला. भोपळा का नाही?

मी सांगितलं. या वहीतही कधी लिहिलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी ह्यांना झटका आला. त्यानंतर पाच महिने ह्यांना गिळता येत नव्हतं. घोटलेला भोपळा तेवढा घशाखाली उतरायचा. दिवसातून तीन वेळा मी भरवायची, चमचा काठाला पुसून, म्हणजे हनुवटीवर सांडू नये. ह्यांना भोपळा जन्मात आवडला नव्हता. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात केला होता तेव्हा ताटावरून उठून गेले होते. पण बोलता येत नव्हतं, म्हणून नुसते बघायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. मी चिडले. डॉक्टरांनी सांगितलंय, खायलाच हवं, असं म्हणत मी त्यांची हनुवटी दाबली, ओठ उघडले आणि चमचा आत घातला. त्यांनी गिळला. डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

स्वयंपाकीणबाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या. मग म्हणाल्या की उद्यापासून माझ्यासाठी बटाटा उकडतील, आणि यापुढे काही असलं तर तोंडाने सांगायचं, वहीत नाही. आवाज अजून रागावलेलाच होता. मला बरं वाटलं त्या रागाचं.

२३ तारीख, रविवार

चिरंजीव चार वाजता आले. व्यवस्थापकांनी फोन केला असणार, कारण येताच म्हणाला, आई, भोपळा बंद झाला ना आता?

मी म्हटलं, "भोपळ्याचं राहू दे. तू मला न विचारता तीन महिने वाढवलेस."

तो खाली बघायला लागला. मग बोलला, एका दमात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोघं दिवसभर कामावर. मी पडले त्या दिवशी चार तास जमिनीवर होते, आणि दार उघडून त्याने मला बघितलं तेव्हा त्याला वाटलं सगळं संपलं. अजूनही घराचं कुलूप उघडण्याआधी तो दाराला कान लावतो. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, तो वैतागलाय.

मला त्याची कीव आली आणि राग तसूभरही कमी झाला नाही. दोन्ही एका वेळी असतात, हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "तुझी भीती मला सांगायची होतीस. मी तोडगा काढला असता. पाय मोडलाय माझा, डोकं नाही."

"आणि परत पडलीस तर?"

"तर पडेन. तेव्हाही आधी मला विचार."

मग आम्ही भांडलो. सिस्टरने दार ओढून घेतलं, इतकं भांडलो. ह्यांच्यावरूनही भांडलो. तो म्हणाला, बाबांच्या वेळी तू कोणाला विचारलं होतंस? मी म्हटलं, कोणालाच नाही, बाबांनाही नाही, आणि ते चूक होतं. शेवटी ठरलं ते असं: तीन महिने नाहीत, एक महिना. तेवढ्यात जिन्याच्या अठ्ठेचाळीस पायऱ्या मी चढून दाखवायच्या. नाही चढले, तर पुढचं दोघांनी मिळून ठरवायचं. व्यायामवाल्याशी मीच बोलणार.

तो कार्यालयात जाऊन नवा अर्ज घेऊन आला. त्याने सगळं भरलं होतं. खाली एक रेघ होती, 'रुग्णाची सही'.

मी विचारलं, सात तारखेच्या अर्जावर इथे कोणाची सही आहे?

त्याने माझ्याकडे बघितलं. "माझी," म्हणाला.

मी हात पुढे केला. "पेन दे."